बिनगव्हाचा पाव

पोटाच्या डॉक्टरबाईंनी मान वर न करताच विचारलं की घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, आणि मी नाही म्हणाले. नाही म्हणाले ते तोंडाने. तोवर डोळ्यांपुढे आईचं मनगट येऊन उभं राहिलं होतं. हात वर केला की त्यातलं घड्याळ सरकत कोपरापर्यंत जायचं आणि ती चारचौघांत हसत हसत ते परत खाली आणायची. बाई लिहीत राहिल्या. माझ्या आतड्याचा फोटो त्यांच्या पडद्यावर होता, गुलाबी, ओलसर, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फारच गुळगुळीत. आतून टॉवेलसारखी लव असते, अन्न तीच शोषून घेते, तुमची लव पार झिजून गेली आहे, त्या म्हणाल्या. स्वतःचं आतडं असं बघताना मला लाज वाटली, पाहुण्याने चुकून आपलं कपाट उघडावं आणि आतला पसारा त्याच्या पायांवर पडावा तशी. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात ग्लुटेन म्हणून जो चिकट पदार्थ असतो तो माझ्या अंगाला शत्रू वाटतो, तो पोटात गेला की माझंच शरीर माझ्याच आतड्यावर धावून जातं, आणि याला गोळी नाही, इंजेक्शन नाही, फक्त पथ्य. आजपासून गहू बंद. कमी करायचा नाही, बंद. कणभरही नाही आणि जन्मभर नाही. मला हसू आलं, कारण मी पावाच्या भट्टीवाल्याची मुलगी आहे. आमच्या घरात गव्हाचं पीठ हवेतच असायचं. शाळेत मी वही उघडली की शेजारची मुलगी शिंकायची. बाईंना त्या हसण्याचं कारण कळलं नाही. आई आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. कशाने गेल्या? अशक्तपणाने, मी म्हणाले, तेव्हा सगळे तसंच म्हणायचे. त्यावर बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. हे दुखणं बहुतेक रक्तातून येतं, एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर रस्ता नेहमीसारखाच होता आणि त्याचाच मला राग आला. बसथांब्याच्या बाकावर एक बाई मुलाला बिस्किटं देत होती, मूल ती खाली सांडत होतं आणि कबुतरं ती टिपत होती. म्हणजे कबुतरांनाही चालतं, मला नाही. मी तिथेच बसून राहिले. आई गेली तेव्हा मी शाळेतच होते. तिला नेमकं काय झालंय हे कुणी धड सांगितलं नाही. एक डॉक्टर म्हणाले रक्त कमी, दुसरे म्हणाले आतडी कमजोर, तिसऱ्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की मनाचं आहे, बायका मनाला लावून घेतात. बाबांना यातलं एकही पटलं नाही. त्यांच्या मते तिला अन्न हवं होतं, आणि अन्न कशाला म्हणतात ते त्यांना कळत होतं. भट्टीतला सगळ्यात नाजूक पाव ते तिच्यासाठी वेगळा काढायचे, वरची साल सोलायचे, आतला पांढरा गर कोमट दुधात कुस्करायचे आणि खाटेशी बसून भरवायचे. ती नको म्हणायची. दोन घास माझ्यासाठी, ते म्हणायचे, आणि ती त्यांच्यासाठी खायची. गल्लीतल्या बायका दारातून बघत आणि नवरा असावा तर असा म्हणत. मीही तेच म्हणत आले. लग्नानंतर नवऱ्याला टोमणा मारायचा झाला तर माझ्याकडे तेच एक हुकमी शस्त्र होतं. त्या बाकावर बसल्या बसल्या ते सगळं मला दुसऱ्या बाजूने दिसलं. बाबांना हे कधीही कळता कामा नये, असं मी तिथेच ठरवलं. माझं पोट बरं होवो न होवो, मग तुझ्या आईला काय झालं होतं, हा प्रश्न त्यांच्या मनात येता कामा नये. आणि आलाच, तर माझ्याकडे उत्तर तयार हवं. आईचं वेगळं होतं. मी ते मनात म्हणून पाहिलं. आईचं वेगळं होतं, बाबा. बस येईपर्यंत ते बऱ्यापैकी खरं वाटायला लागलं होतं.

बाबा अजून भट्टी चालवतात. वय झालंय, गुडघे बोलतात, पण पहाटेचा पाव दुसऱ्या कुणाच्या हाती देणं त्यांच्या जिवावर येतं. मी गेले तेव्हा ते म्हातारीला खायला घालत होते. म्हातारी म्हणजे खमिराची बरणी. कालच्या कणकेतला गोळा आजची कणीक फुगवतो, आजचा उद्याची. असं करत करत बाबांच्या उस्तादाच्याही आधीपासून चालत आलेलं ते खमीर एका चिनीमातीच्या बरणीत राहतं आणि त्याला रोज पीठपाणी द्यावं लागतं. ती थंडीत सुस्तावते, उकाड्यात उतू जाते, कधी नुसतीच रुसून बसते. मला भावंडं नव्हती, म्हातारी होती. माझ्या लग्नात बाबा जेवणाच्या पंगतीतून गायब झाले होते आणि सासरच्यांना वाटलं की मुलगी जाणार म्हणून कुठे तरी रडत बसले असतील. ते बरणी बघायला गेले होते. तर मी त्यांना सांगितलं की पोट बिघडलंय, डॉक्टर म्हणतात काही दिवस गहू नको. त्यांना तो थेट स्वतःचा अपमान वाटला. आपल्या पिठात भेसळ नाही, ते म्हणाले. मी म्हटलं, पिठात नाही, माझ्या पोटातच खोट आहे. आपल्या घरात नव्हतं कुणाला असलं काही, ते म्हणाले. मी घाईघाईने म्हणाले की सासरचं पाणी बाधलं असेल. त्यावर ते मनापासून हसले. माझ्या नवऱ्याच्या माथी काहीही मारलं की त्यांना बरं वाटतं. मग त्यांनी बरणीवर फडकं बांधलं आणि सवयीने एक गरम पाव कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला, आणि लगेच परत काढून घेतला.

पथ्य सुरू झालं ते स्वयंपाकघर उपसण्यापासून. पाव, बिस्किटं, शेवया हे उघड शत्रू होते, ते पहिल्याच दिवशी गेले. पण छुपे जास्त होते. सूपच्या पाकिटात दाटपणासाठी पीठ, सॉसमध्ये गहू, मसाल्याच्या डबीत गहू, खोकल्याच्या गोळीवर कसली तरी पावडर. मी भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचत बसायचे आणि नवरा म्हणायचा की घरात हेरखातं उघडलंय. लाकडी चमचे टाकले, कारण लाकूड शोषून घेतं. चाळणी टाकली. टोस्टर शेजारणीला दिला आणि ती इतकी खूश झाली की मला तिचा हेवा वाटला. लोण्याची दोन भांडी झाली, कारण पावावरून फिरलेली सुरी लोण्यात शिरली की कण मागे राहतात. भांडी घासायचे दोन स्पंज झाले, ओटा पुसायची दोन फडकी झाली. मी भूक म्हणत होते ती खरं तर पोटाची नव्हतीच, दातांची होती. भाताला आणि बटाट्याला कुरकुरीत आवाज नसतो. मी कान तपासणीच्या दवाखान्यात काम करते. भिंतींना जाड स्पंज लावलेली, बिनखिडकीची एक खोली आहे. आत पेशंटच्या कानांवर हेडफोन चढवायचे आणि काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. दुपारी पेशंट नसला की मी आत जाऊन बसते, कारण तिथे शहर नसतं. पथ्याच्या सुरुवातीच्या दिवसांत मी तिथे बसले की मला माझं पोट ऐकू यायचं. काहीतरी लांबवर सरकत असल्यासारखं, कुणी जड फर्निचर हलवत असल्यासारखं. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं की ही बारीक व्हायची नवी फॅशन आहे. तिने मलाही सांगा ना म्हणून माझ्यामागे लकडा लावला. मी तिला सांगितलं की मी जाड व्हायला करतेय, आणि ती जोक समजून हसली.

आणि मी खरंच भरत गेले. नखं तुटायची थांबली, जिना चढताना धाप लागेना, गालांवर रंग आला. नवरा म्हणाला, तुझ्याशी भांडायलाही आता मजा येते. मला आनंद व्हायला हवा होता आणि होतही होता, पण त्याच्या खालून काहीतरी गार वाहत होतं. आरशात मी बरी दिसले की पुढचाच विचार यायचा, की इतकं सोपं होतं तर. इतकं सोपं होतं आणि आई गेली. बाबांकडे जाताना मी जुना ढगळ ड्रेस घालायला लागले, तब्येत दिसू नये म्हणून. पण त्यांची नजर कणीक किती वर आली हे लांबून ओळखणारी, तिला काय फसवणार. एकदा भट्टीतून पाव काढता काढता, माझ्याकडे पाठ करून ते म्हणाले की माझा पाव सोडल्यावर तू बरी झालीस. आवाजात तक्रार होती, रुसवा होता, पण आणखीही काहीतरी होतं, एखादी गोष्ट कुठे ठेवली ते आठवताना माणूस थांबतो ना, तसं. मनात पाल चुकचुकली. मी म्हणाले, औषधं चालू आहेत ना. मग मीच म्हणाले की पावाशिवाय जीव जातो माझा, बिनगव्हाचा पाव होतो म्हणे, तुम्हाला जमेल का? जमेल का म्हटलं की बाबा बाकी सगळं विसरतात, हे मला माहीत होतं. ते वळले. बिनगव्हाचा पाव म्हणजे बिनपाण्याची विहीर, ते म्हणाले, पण डोळे चमकले होते. तो थांबलेला विचार गेला आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

त्यांनी ते घरात लग्न काढल्यासारखं अंगावर घेतलं. भट्टीमागची सामानाची खोली रिकामी केली, भिंती धुतल्या, छताची जळमटं काढली. नवी चाळणी, नवे साचे, नवं पातेलं, एक छोटी विजेची भट्टी. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच करायचे, कारण त्या दिवशी हवेत पीठ नसतं. आधी डोक्यावरून अंघोळ करायचे, मग नवा एप्रन. मला हे सगळं ते एकेक बोट मोडत सांगायचे आणि शेवटी विचारायचे, राहिलं का काही? काही राहिलं नव्हतं. तांदळाचं पीठ, मक्याचं पीठ, बटाट्याचं पीठ. पहिला पाव वीट झाला. दुसरा हातात घेतला की भुगा व्हायचा. तिसऱ्याबद्दल नवरा म्हणाला की खिडकीच्या काचा बसवायला उपयोगी पडेल, आणि हे मी बाबांना सांगितलं, आणि ते इरेला पेटले. मग एके दिवशी पाव आला. हलका, वर तडा गेलेला, आत जाळी पडलेला, आणि त्याला तो वास होता, थोडा आंबट, थोडा जळका, माझ्या सगळ्या लहानपणाचा वास. घरी नेईपर्यंतही धीर निघाला नाही. रस्त्यात उभ्या उभ्या मी त्याची कड मोडली आणि खाल्ली, आणि रडले. असं काय केलंत या वेळी, मी फोनवर विचारलं. काही नाही, हाताचं असतं, ते म्हणाले, आणि फोनवरूनही कळत होतं की ते हसतायत. तेव्हापासून दर आठवड्याला पाव यायला लागला आणि मी तो पुरवून पुरवून खायला लागले.

पहिल्यांदा गेलं ते झोपेतलं सुख. मग तोंड आलं, मग जिना लांब वाटायला लागला. मी मनाला म्हटलं, हवा बदललीय. मग पोटातलं ते फर्निचर पुन्हा हलायला लागलं. त्या बंद खोलीत मी बसायचे आणि ऐकायचे. आवाज आता लांबून येत नव्हता. कुठून तरी गहू आत येत होता, हे मला कळत होतं, आणि मग मी डोळ्यांत तेल घालून शोध सुरू केला. टूथपेस्ट बदलली. ओठांना लावायचं मलम फेकलं. दवाखान्यातला चहा बंद केला. कपाटं पुन्हा उपसली. संशयाचं एक बरं असतं, त्याला कायम नवीन जागा सापडते. शेवटी तो नवऱ्यावर येऊन थांबला. नवऱ्याचं बिस्किटांवाचून चालत नाही. माझं पथ्य सुरू झाल्यापासून तो बाल्कनीत जाऊन, चोरून सिगारेट ओढावी तशी बिस्किटं खायचा आणि तोंड धुऊन आत यायचा. मी त्याच्या शर्टाच्या बाह्या बघायला लागले. तो ओट्यापाशी आला की पाठोपाठ जाऊन ओटा पुसायला लागले. त्याने माझ्यासाठी अंडं उकडलं तर ते पाणी कुठल्या पातेल्यातलं ते विचारायला लागले. एकदा तो सुरी खाली ठेवून म्हणाला, "मी तुला विष घालतोय असं वाटतं का तुला?" अगदी शांतपणे विचारलं त्याने. मला ताबडतोब नाही म्हणायचं होतं, आणि ते नाही यायला वेळ लागला. त्या दिवसापासून त्याने बिस्किटं आणणंच बंद केलं आणि आमचं बोलणंही त्याच सुमारास कमी झालं. पावाचा विचार आला नाही असं नाही. तो यायचा, दाराशी उभा राहायचा, आणि मी त्याला आत घेत नव्हते. त्या खोलीच्या भिंती धुतलेल्या मी स्वतः पाहिल्या होत्या. आणि बाबांच्या हातच्या घासाला एकदा नावं ठेवली की मग मागचे सगळे घास मोजायची पाळी येणार होती.

डॉक्टरबाईंनी पुन्हा आत कॅमेरा घातला. या वेळी त्यांनी फोटो मला दाखवला नाही, आणि मीही मागितला नाही. त्या म्हणाल्या की पथ्य पाळूनही असं होत असेल तर ते चांगलं चिन्ह नाही. काही जणांचं आतडं एका टप्प्यानंतर पथ्यालाही जुमानत नाही, मग फार कडक औषधं द्यावी लागतात, आणि त्याच्याही पुढे जे होऊ शकतं त्याचं नाव मी आज घेत नाही. खिडकीबाहेर कुणीतरी झाडाला पाणी घालत होतं. मला वाटलं, आई याच रस्त्याने गेली, फक्त तिला वाटेवरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. मी बाईंना मी खाते ते सगळं सांगितलं, भात, अंडी, फळं, दूध, आणि शेवटी पाव. कोण करतं? वडील. पण वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत, मी जरा तावातावानेच म्हणाले. बाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एकदा समोर उभं राहून बघा." त्यांच्या आवाजात संशय नव्हता. अशा गोष्टी त्यांनी पुष्कळ पाहिल्या असाव्यात, आणि त्या बहुतेक प्रेमाच्याच असाव्यात.

मी पुढच्याच सुट्टीच्या दिवशी दुपारी गेले, न सांगता. दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. मोठी भट्टी थंड होती आणि तिच्या काळ्या तोंडापुढून जाताना नेहमीप्रमाणे अंगाला ऊब लागली नाही. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा पाठमोरे उभे होते, केस अजून ओले, एप्रनची गाठ मुलाच्या शाळेच्या गणवेशासारखी नीट बांधलेली. ते तांदळाचं सरसरीत पीठ कालवत होते. मी हाक मारणार होते, पण थांबले. त्यांनी एक चमचा घेतला, उकळत्या पाण्याखाली धरला, उलटा करून पुन्हा धरला, नव्या फडक्याने कोरडा केला, उजेडात धरून बघितला. इतकी काळजी मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिली होती, आईच्या खाटेशी. मग त्यांनी खाली वाकून टेबलाखालून बरणी वर काढली, फडकं सोडलं, आणि तो स्वच्छ चमचा आत बुडवला. चल म्हातारे, ते पुटपुटले, पोरीसाठी. भरलेला चमचा त्यांनी तांदळाच्या पिठात सोडला आणि हलक्या हाताने ढवळलं.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे सांगायला हवं. नवऱ्याची बिस्किटं निर्दोष होती, माझं आतडं निर्ढावलेलं नव्हतं, गहू आत यायची वाट सापडली होती. मग लगेच भीती वाटली. अजून वेळ आहे, मी स्वतःला म्हटलं, पाय न वाजवता मागे जा, घरी जाऊन फोन कर, पावाचा कंटाळा आला म्हणून सांग. रुसतील, पण त्या रुसण्याने कुणी मरत नाही. पण बाबा तेवढ्यात वळले, आपल्या माणसाची चाहूल लागते तसे, आणि त्यांचा चेहरा फुलला. आलीस, बरं झालं, आज गरम मिळेल, ते म्हणाले. मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. मग हातातला चमचा.

"हे तुम्ही दर वेळी घालता?" मी विचारलं.

"म्हातारी? मग. तिच्याशिवाय वर येतो का पाव? आधी विटाच झाल्या ना."

"ती गव्हाची आहे, बाबा."

ते हसले. ती कसली गव्हाची, म्हणाले, ती म्हातारी आहे. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. आयुष्यभर त्यांच्यासाठी पीठ म्हणजे पोत्यातून येतं ते, तराजूत घालतो ते. त्याच्या जोडीला मीठ आणि पाणी. म्हातारी यातलं काहीच नव्हती. तिला ताप येतो, तिला भूक लागते, ती पीठ खाते, आणि पीठ खाणारी पीठ कशी असेल? राहिलं का काही, असं ते दर वेळी विचारायचे तेव्हा खरंच त्यांच्या लेखी काही राहिलेलं नसायचं. आणि मी, त्याच घरात वाढलेली, मलाही बरणी कधी सुचली नव्हती.

"ती काय खाते, बाबा?"

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि बरणीकडे पाहिलं. हात मात्र अजून ढवळत होता, तो थांबायला थोडा वेळ लागला. "चमचाभरच घालतो मी," ते म्हणाले. मी म्हटलं, चमचाभर पुष्कळ होतं. त्यांनी चमचा कागदावर ठेवला, काच ठेवावी तसा जपून. मग मी बोलतच सुटले. बरं झालं सापडलं, आता सोपं आहे, डॉक्टर म्हणाल्यात वेळीच कळलं तर सगळं भरून येतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, यीस्टची पाकिटं मिळतात, आपण ती घालू. मी इतकं भराभर बोलत होते की मध्ये कुणाला श्वासाला जागा राहू नये. पण बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते दारातून पलीकडे, मोठ्या भट्टीकडे बघत होते.

"भट्टीची चिमणी पडली होती एकदा," ते म्हणाले. "तू अगदी लहान होतीस, तुला नाही आठवणार. महिनाभर भट्टी बंद होती. पाव नाही की काही नाही. रोज भात आणि बटाटे." ते थांबले. "तुझी आई तेव्हा काम करता करता गाणं म्हणायला लागली होती. हाताला मांस लागलं होतं तिच्या. मी म्हटलं, आराम मिळाला म्हणून." भट्टीवरची नजर त्यांनी काढली नाही. "मग चिमणी बांधून झाली. पहिला पाव मी तिलाच नेऊन दिला."

मला हे खरंच माहीत नव्हतं. इतके महिने मी ज्या प्रश्नाला दार लावून बसले होते तो त्यांनी विचारलाच नाही, ते दुसऱ्याच बाजूने येऊन उत्तरापाशी उभे होते. माझं वाक्य माझ्याकडे तयार होतं. बसमध्ये, अंघोळ करताना, दवाखान्यातल्या त्या बंद खोलीत मोठ्याने, असं कितीदा तरी मी ते म्हणून ठेवलं होतं. आईचं वेगळं होतं. मी तोंड उघडलं, पण समोर बाबांचा चेहरा होता, आणि तो चेहरा बघून कुणाही लेकीच्या तोंडून जे येईल तेच माझ्या तोंडून आलं.

"बाबा, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

त्यांनी मान डोलावली. मी काय कबूल करून बसले ते मला त्यानंतर कळलं. मग आईचं वेगळं होतं, हेही मी म्हणाले, दोनदा म्हणाले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि माझी समजूत राहावी म्हणून हो, वेगळं असेल, असं म्हणाले. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले, तसे ते मागे सरकले, पार भिंतीला टेकेपर्यंत, दोन्ही हात माझ्यापासून लांब, वर धरून.

"नको," ते म्हणाले. "पीठ आहे हाताला."

ते तांदळाचं होतं. मी तसं म्हणालेही, पण त्यांनी हात खाली घेतले नाहीत.